सलामीचा सामना आणि नव्या खेळाडूंची पारख

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची गुणवही गेले दीड वर्ष माझ्याकडे आहे. मी स्वतः खेळाडू नाही. गावाकडे कबड्डी आणि खो-खो याखेरीज दुसरा खेळ मी पाहिला नव्हता. उंचावर बसविलेल्या लोखंडी कड्यात चेंडू टाकण्याचा हा खेळ इथे आल्यावर प्रथम पाहिला. अक्षर बरे म्हणून सरांनी वही माझ्या हाती दिली. कोणी किती गुण केले, कोणाचे किती फाऊल झाले, एवढेच लिहायचे. पण वही हाती आली की माणसाला शेरे मारण्याची खोड लागते. गेल्या ऑगस्टमध्ये सलामीचा सामना आपण हरलो. त्या रात्री मी चार नव्या खेळाडूंच्या नावांपुढे शेरे लिहिले. प्रथम वर्षाच्या एका मुलापुढे लिहिले, ‘उंची आहे, उपयोग नाही.’ ती वही त्याच्या पाहण्यात आली. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही.

प्रस्तुत लेख त्या चार शब्दांमुळे लिहिला आहे. एका सामन्यावरून नव्या खेळाडूची पारख करता येते काय? येत असेल तर कशाची येते आणि कशाची येत नाही? हे मला समजून घ्यायचे होते. सर म्हणाले, “आपल्या वहीत दहा सामनेसुद्धा नीट लिहिलेले नाहीत. जिथे प्रत्येक सामन्याची बारीक नोंद राहते, तिथले उदाहरण घे.” म्हणून मी अमेरिकेतील एक सामना निवडला आणि त्याचे चित्रण मित्राच्या मोबाईलवर दोनदा पाहिले.

तेथील रीत

बास्केटबॉलचा जन्मच मुळी विद्यार्थ्यांसाठी झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, थंडीत मुलांना घरात खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या टोपल्या भिंतीला टांगून हा खेळ सुरू केला. आज तिथे महाविद्यालयीन बास्केटबॉलचे वेड आपल्याकडील क्रिकेटसारखे आहे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. मार्च महिन्यात ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते आणि एप्रिलच्या आरंभी विजेता ठरतो.

तेथील चाहत्यांपुढे दरवर्षी एक कोडे असते. शालेय शिक्षण संपल्यावर किमान एक वर्ष गेल्याशिवाय तेथील खेळाडूला मुख्य व्यावसायिक संघांत घेत नाहीत, असा नियम २००६ च्या निवडीपासून लागू आहे. त्यामुळे शाळेत नावाजलेली मुले बहुधा एकाच वर्षासाठी महाविद्यालयात येतात आणि निघून जातात. मोठ्या संघांत दर नोव्हेंबरला अर्धी मंडळी नवी. चाहत्यांना त्यांची माहिती ऐकीव. मग सलामीचा सामना होतो, आणि त्या एका रात्रीत सर्वजण परीक्षक बनतात.

६ नोव्हेंबर २०१८ ची रात्र

इंडियानापोलिस शहरात त्या रात्री ड्यूक आणि केंटकी या विद्यापीठांचे संघ समोरासमोर आले. हंगामापूर्वीच्या क्रमवारीत केंटकी दुसरे आणि ड्यूक चौथे होते. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की, केंटकीचे जॉन कॅलिपारी, दोघेही नामांकित. ड्यूकच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चौघे प्रथम वर्षाचे: आर. जे. बॅरेट, झायन विल्यमसन, कॅम रेडिश आणि ट्रे जोन्स.

सामना अटीतटीचा होईल असे सर्वांना वाटत होते. झाले उलटेच. ड्यूकने ११८ विरुद्ध ८४ असा विजय मिळविला. बॅरेटचे ३३ गुण, विल्यमसनचे २८ आणि रेडिशचे २२. तिघांची बेरीज ८३ होते. म्हणजे केंटकीच्या सगळ्या संघाने मिळून जेवढे गुण केले, त्याहून या तीन नवख्या मुलांचे गुण फक्त एकाने कमी! विल्यमसनने तेरा वेळा चेंडू टाकला, त्यात अकरा वेळा तो कड्यातून गेला. चौथा जोन्स. त्याचे गुण अवघे ६.

चाहत्यांनी काय निष्कर्ष काढले असतील, हे सांगायला नकोच. ड्यूकवाल्यांना विजेतेपद खिशात आल्यासारखे वाटले. त्या काळात क्लीव्हलँडचा व्यावसायिक संघ सपाटून हरत होता. ड्यूकची ही पोरे त्या संघालाही हरवतील काय, असा वादही रंगला. क्रमवारीत ड्यूक एकदम पहिले झाले. केंटकीच्या गोटात मात्र सुतकी कळा पसरली. कॅलिपारी तिथे आल्यापासूनचा तो सर्वांत मोठा पराभव होता.

पुढे काय घडले?

पंधरा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, गोंझागाने ड्यूकला ८९-८७ असे हरविले. २० फेब्रुवारी २०१९ रोजी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच मिनिटात विल्यमसनचा बूट फाटला, गुडघा दुखावला आणि पुढचे काही सामने त्याला बाहेर बसावे लागले. ३१ मार्च २०१९ रोजी उपांत्यपूर्व फेरीत मिशिगन स्टेटने ड्यूकला ६८-६७ असे एका गुणाने बाद केले. गंमत अशी की, ६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री, त्याच मैदानावर, हे मिशिगन स्टेट कान्ससकडून ९२-८७ असे हरले होते!

आणि केंटकी? ज्यांचे सर्व संपले असे वाटत होते, त्यांनी हंगामात ३० सामने जिंकले. तेही त्याच फेरीपर्यंत पोचले आणि त्याच दिवशी, जादा वेळेत, ऑबर्नकडून हरले. नोव्हेंबरातील ३४ गुणांचे अंतर मार्चअखेर कुठे शिल्लक होते? दोघेही एकाच पायरीवरून घरी गेले. त्या पराभूत संघातील टायलर हिरो हा नवा मुलगा पुढे मायामीच्या व्यावसायिक संघात गेला. २३ सप्टेंबर २०२० रोजी विसाव्या वर्षी त्याने एका मोठ्या सामन्यात ३७ गुण केले.

चाहत्यांचे काय बरोबर होते?

इथवर वाचून कोणी म्हणेल की, पहिल्या सामन्याला काहीच अर्थ नाही. मलाही प्रथम तसेच वाटले. पण ते खरे नाही.

विल्यमसनबाबत चाहत्यांचा अंदाज अचूक ठरला. संपूर्ण हंगामात त्याची सरासरी २२.६ गुणांची राहिली आणि त्याने टाकलेल्या दर शंभर चेंडूंपैकी ६८ कड्यातून गेले. देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला आणि २०१९ च्या व्यावसायिक निवडीत त्याला पहिला क्रमांक मिळाला. बॅरेटची सरासरीही २२.६ होती. रेडिशचे मात्र तसे झाले नाही. त्याची सरासरी १३.५ वर आली आणि शंभरातील ३६ चेंडूही आत गेले नाहीत.

असे का व्हावे? विल्यमसनचे बहुतेक गुण कड्याच्या अगदी जवळून, ताकदीने आणि उडीने मिळविलेले होते. ताकद आणि उडी एका रात्रीपुरती उसनी आणता येत नाही. दुरून टाकलेल्या चेंडूचे तसे नाही. तिथे नशिबाचा वाटा मोठा असतो. हे पाहण्यासाठी मी एक साधे गणित केले. समजा, एखादा खेळाडू दुरून तीन वेळा चेंडू टाकतो तेव्हा सरासरीने एकदा तो आत जातो. एका सामन्यात तो असे सहा चेंडू टाकतो. तर सुमारे दहांतून एका सामन्यात त्याचे चार किंवा अधिक चेंडू आत जातील आणि लोक त्याला अर्जुन म्हणतील. आणि सुमारे अकरांतून एका सामन्यात एकही जाणार नाही आणि लोक म्हणतील, याला कोणी संघात घेतले? खेळाडू तोच, हात तोच. केवळ कोणता सामना आपण प्रथम पाहिला, एवढ्यावर त्याचे नाव ठरायचे!

यात मनाचाही दोष आहे. १९४६ साली सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने एका व्यक्तीच्या गुणदोषांची यादी लोकांना ऐकविली. एका गटाला ‘बुद्धिमान, उद्योगी’ येथून सुरुवात करून ‘हट्टी, मत्सरी’ येथे शेवट केला; दुसऱ्या गटाला तीच यादी उलट्या क्रमाने ऐकविली. शब्द तेच, पण पहिल्या गटाचे त्या व्यक्तीविषयीचे मत अधिक चांगले झाले. प्रथम जे कानी पडते, त्याच्याच रंगात पुढचे सारे दिसते. नव्या खेळाडूचा पहिला सामना हा त्या यादीतला पहिला शब्द असतो.

वहीत न मावणारे खेळाडू

आता त्या चौथ्या मुलाकडे, ट्रे जोन्सकडे वळू. त्याच्या ६ गुणांकडे पाहिले तर तो कमी पडला असे वाटेल. चित्रण दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवले. बॅरेट आणि विल्यमसन यांच्या हाती चेंडू योग्य जागी, योग्य क्षणी पोचविण्याचे काम तो करीत होता. त्याच्या सात पासवर सहकाऱ्यांनी थेट गुण केले आणि एकदाही त्याने चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जाऊ दिला नाही. बाकीचे तिघे वर्षअखेर व्यावसायिक संघांत गेले. हा दुसऱ्या वर्षी थांबला, आणि २०२० मध्ये त्यांच्या विभागातील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. त्या हंगामाचे विजेतेपद ८ एप्रिल २०१९ रोजी व्हर्जिनियाने मिळविले. ड्यूकने त्यांना हंगामात दोनदा हरविले होते. मार्च २०१८ मध्ये तर त्यांना अव्वल मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या संघाने वीस गुणांनी धूळ चारली होती. पुरुषांच्या स्पर्धेत तसे पूर्वी कधी घडले नव्हते. अशा संघात कीहाय क्लार्क हा पाच फूट नऊ इंच उंचीचा नवखा मुलगा होता. हंगामातील त्याची सरासरी साडेचार गुणांची. ३० मार्च २०१९ रोजी पर्ड्यूविरुद्ध संघ दोन गुणांनी मागे, शेवटचे काही क्षण उरलेले. कड्यावरून उसळलेला चेंडू मैदानाच्या मागल्या भागात गेला. क्लार्क धावत गेला, त्याने चेंडू उचलला आणि स्वतः घाईने न टाकता दूरवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे लांब पास दिला. त्याने टाकलेला चेंडू वेळ संपता संपता आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत व्हर्जिनिया जिंकले. तो एक पास नसता तर विजेतेपद नव्हते. माझ्यासारख्याच्या गुणवहीत मात्र त्या क्षणी क्लार्कच्या नावापुढे काहीच लिहिले गेले नसते.

पारख कशी करावी?

या अभ्यासातून मला तीन गोष्टी उमगल्या. पहिली, सलामीचा सामना खेळाडू काय करू शकतो हे दाखवितो. तो रोज काय करील हे दाखवीत नाही. दुसरी, ताकद, वेग, पासची समज, बचावातील पायांची हालचाल या गोष्टी लवकर कळतात. दुरून टाकलेल्या चेंडूंचा हिशेब मात्र बऱ्याच सामन्यांनंतरच करावा. तिसरी, नुसत्या चेंडूकडे पाहू नये. चेंडू हाती नसताना नवा मुलगा काय करतो, हे पाहावे.

माझे वडील शाळेची पायरी चढलेले नाहीत, पण हे त्यांना ठाऊक होते. बाजारात बैल घेताना ते दात पाहतात, खांदा पाहतात, पण औताला जुंपून चार तास फिरविल्याखेरीज बरेवाईट बोलत नाहीत. मी सुट्टीत त्यांना वहीतील शेऱ्याची हकिगत सांगितली. ते म्हणाले, “आन् तुझा पहिला दिवस इसरलास व्हय रं?”

मी विसरलो नव्हतो. प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून देताना माझी जीभ अडखळली, गावाकडचे उच्चार निघाले आणि मागच्या बाकावर हशा पिकला. त्या दिवशी कोणी माझ्या नावापुढे ‘उपयोग नाही’ असे लिहिले असते, तर आज हा लेख लिहायला मी इथे नसतो.

दिवाळीनंतर मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. वही बरोबर नेली होती. पुन्हा सगळ्या नोंदी पाहताना मला दिसले होते की, त्या सामन्यात प्रतिपक्षाच्या चुकलेल्या चेंडूंपैकी नऊ त्याने उडी मारून आपल्या ताब्यात घेतले होते. इतके आपल्या दुसऱ्या कोणीही घेतले नव्हते. आकडा माझ्याच हातचा होता, पण गुणांच्या रकान्यापलीकडे मी पाहिले नव्हते. मी त्याला तो आकडा दाखविला आणि चुकलो असे म्हणालो. तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दादा, हे तेव्हाच लिहायचं होतं.”

त्यावर मला उत्तर सुचले नाही. जानेवारीत तो सरावाला येऊ लागला. पण मधले पाच महिने गेले ते गेलेच. त्या काळातील सामने त्याच्या वाट्याला पुन्हा यायचे नाहीत.

आता मी वहीत एक रकाना वाढविला आहे. त्यात पास, अडविलेले चेंडू आणि ताब्यात घेतलेले चेंडू लिहितो. शेऱ्यांचा रकाना मात्र पहिले पाच सामने कोरा ठेवतो. येत्या वर्षी नवी मुले संघात येतील. सलामीच्या सामन्याला आपण सर्वांनी जरूर यावे, टाळ्या वाजवाव्यात, हळहळावे. निकाल मात्र थोडा राखून ठेवावा.