चोपड्यात मनाच्या दुखण्याचा खर्च किती, आणि तो कोणी उचलायचा?

मार्चअखेर जवळ आली की पतसंस्थेतल्या वसुलीच्या पोराचा डबा भरलेलाच घरी जायला लागतो. जिनिंगवरच्या दिवाणजीच्या बेरजा चुकू लागतात, कारण रात्रभर डोळा लागलेला नसतो. सगळ्यांना हे दिसतं, पण विचारत कोणी नाही. विचारलं आणि तो खरंच बोलायला लागला, तर त्याला पाठवायचं कुठं आणि पैसे किती लागतील, हे ठाऊक नसतं. म्हणून हा हिशेब.

सुरुवात फुकटापासून. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मराठीतून, एक पैसा न घेता. पण हा नंबर नुसता फळ्यावर लिहून काम भागत नाही. काउंटरमागं चार माणसं बसलेली असताना कोण फोन लावणार? वीस-पंचवीस मिनिटं दार लावून बसता येईल अशी एखादी खोली मालकानं, मॅनेजरनं मोकळी करून द्यावी. रेकॉर्डची खोलीही चालेल.

दुसरी पायरी उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपर काढतानाच विचारून घ्या की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर इथं येतात का, आणि कोणत्या वारी. नसतील तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडं असल्यानं केसपेपरचे थोडे पैसे पडू शकतात. खासगी मनोविकारतज्ज्ञाकडं जायचं तर एका भेटीचे पाचशे ते आठशे धरून चाला, आणि पुढच्या भेटीची फी किती हे आधी फोनवरच विचारा. समुपदेशनाची बैठक वेगळी असते आणि ती एकदाच करून भागत नाही, तेव्हा चार-पाच बैठकांचा अंदाज सुरुवातीलाच घ्यावा.

आता खरा खर्च बघा. महिना १३,००० पगाराच्या माणसाचा, सव्वीस दिवसांनी भागलं तर, एक रोज ५०० रुपये होतो. जळगावला एसटीनं जाऊन यायला दोनेकशे धरा (बायांना तिकीट निम्मं). खासगी डॉक्टरची फी ६०० धरली तर एका खेपेला १,३०० होतात, औषधं वेगळी. सरकारी दवाखान्यात फी वाचते, पण ७०० उरतातच, आणि त्यातले ५०० हे बुडालेल्या रोजाचे. उपचार अर्ध्यावर सुटण्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बऱ्याचदा दर दोन-तीन आठवड्यांनी दाखवावं लागतं, आणि दर वेळी खाडा मांडला तर तिसऱ्या खेपेला माणूस जात नाही. तो खाडा न मांडणं मालकाच्या हातात आहे. चार खेपांचे दोन हजार होतात. वसुलीतला जाणता माणूस नोकरी सोडून गेला तर त्याहून कितीतरी जास्त जातात.

हक्काचे पैसेही बघून घ्या. ईएसआय कापला जात असेल (पगाराची मर्यादा २१,०००), तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्याची अर्धवेतनी रजा दाखल्यावर परिवर्तित करता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं विमा कंपनीला मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो. मात्र बऱ्याच पॉलिसींत फक्त दाखल झाल्याचा खर्च मिळतो, बाह्यरुग्ण तपासणीचा नाही. कलम वाचूनच हप्ता भरा.

याच कायद्यानं उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन घातलं आहे. मालकानं, हेडमास्तरांनी आपल्याकडूनही तेवढाच शब्द द्यावा. चोपड्यासारख्या गावात सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी मेन रोडवर पोचते, आणि एकदा पोचली की त्या ऑफिसात पुन्हा कोणी तोंड उघडत नाही. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढं पुरे मानावं. विचारायचं ते मीटिंगमध्ये नाही, बाजूला घेऊन. “काय व्हयनं भाऊ, आठ दिवस झाले डबा तसाच नेतोस?” एवढं बोलून गप्प बसावं. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हटलं की बोलणं तिथंच संपतं.

औषधांबाबत डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगा. जनऔषधी केंद्रात तीच गोळी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. परत त्रास उलटला तर सगळा खर्च पहिल्यापासून.

आणि कोणी ‘जगण्यात राम नाही’ असं म्हणाला, तर हिशेब बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, घरच्या माणसाला बोलवा, १४४१६ लावा आणि त्याच दिवशी गाडी करून दवाखान्यात न्या. गाडीचं भाडं ऑफिसनं द्यावं.