एका पातीतले दोन रस

खेड्यापाड्यांत एखाद्या घराच्या दारावर कोरफड उलटी टांगलेली दिसते. तिच्या मुळांशी माती नसते, तिला कोणी पाणी घालीत नाही. तरीही ती कित्येक दिवस हिरवीगार राहते. या चिवट वनस्पतीला संस्कृतात ‘कुमारी’ असे नाव आहे. तिचा रस प्याल्याने प्रकृती सुधारते, असे पुष्कळांचे म्हणणे असते. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यापूर्वी तिच्या पातीच्या अंतरंगात डोकावून पाहू या.

कोरफडीचे मूळ स्थान अरबस्तान होय. अशा रुक्ष प्रदेशात जगावयाचे, तर मिळेल तो थेंब राखून ठेवला पाहिजे. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात व त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. कोरफड मात्र ती दिवसा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. म्हणूनच तिच्या जाड पातींत पाण्याचा साठा टिकून राहतो. पातीच्या पोटातील पारदर्शक, बुळबुळीत गरात 100 भागांपैकी सुमारे 99 भाग पाणीच असते.

हा झाला एक रस. परंतु त्याच पातीत दुसराही एक रस असतो. पात कापून उभी धरली, की सालीलगतच्या भागातून पिवळसर, अतिशय कडू चीक ओघळू लागतो. तो आटवून वाळविला म्हणजे ‘काळा बोळ’ तयार होतो. या चिकात अलॉइन नावाचे द्रव्य असते. मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू त्याचे रूपांतर करतात. मग आतड्याची हालचाल वाढते, त्यातील पाणी शरीरात शोषले जात नाही आणि जुलाब होतात. म्हणून पूर्वापार या चिकाचा रेचक म्हणून उपयोग होत आला आहे. मात्र प्रमाण वाढले, तर पोटात मुरडा येतो आणि शरीरातील पाणी व क्षार निघून जातात.

आता या रसांची परीक्षा कशी झाली, ते पाहा. मोठ्या आतड्याचा दाह असलेल्या 44 रुग्णांवर इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. 30 जणांना चार आठवडे कोरफडीच्या गराचे पेय दिले व 14 जणांना कोरफड नसलेले पेय दिले. पहिल्या गटात 14 जणांना, तर दुसऱ्या गटात दोघांना बरे वाटले. परंतु आतड्याची आतून तपासणी केली, तेव्हा दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. यावरून गराविषयी आशा धरता येते, खात्री देता येत नाही.

चिकाची कथा निराळी आहे. चिकापासून केलेली रेचके सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून 2002 साली अमेरिकेच्या सरकारने वैद्याच्या चिठ्ठीवाचून होणारी त्यांची विक्री थांबविली. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मोठ्या जातीला, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतील प्राण्यांना, सबंध पातीचा, चीक न काढलेला अर्क दोन वर्षे पाण्यातून पाजला. त्यांतील अनेकांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. हे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. माणसांत तसेच घडते, असे यावरून सिद्ध होत नाही. पण सावधगिरीचा इशारा मात्र मिळतो.

मुलांनो, कोरफड चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता रस, किती आणि कोणासाठी, असे विचारले पाहिजे. चांगल्या कारखान्यांत हा रस कोळशाच्या गाळणीतून गाळून त्यातील चीक काढून टाकतात. घरी पात वाटून पिणाऱ्याला ती सोय नसते. लहान मुलांनी व गरोदर स्त्रियांनी वैद्याला विचारल्यावाचून हा रस पिऊ नये. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनीही तसेच करावे. एखादी वस्तू निसर्गाने दिली, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिचे गुण पारखून घेणे, हे माणसाचे काम आहे.

स्वाध्याय

1. रुक्ष प्रदेशात कोरफड पाणी कसे राखते?
2. गर व चीक यांतील फरक सांगा.
3. इंग्लंडमधील प्रयोगात काही रुग्णांना कोरफड नसलेले पेय का दिले असावे?