मोठी मोटर की जास्त व्होल्ट?

प्रश्न : दरवाज्यांवर नक्षी कोरणारा माझा सीएनसी राउटर जुना आहे. नेमा २३ स्टेपर मोटर, २४ व्होल्ट पुरवठा. वेग वाढवला की नक्षी सरकते. नेमा ३४ बसवू का? प्रिंटर पोर्टवरचा कंट्रोलरही बदलावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा, मोटर बहुधा निर्दोष आहे. स्टेपरची ताकद वेगाबरोबर घटते, कारण कॉइलमध्ये करंट चढायला वेळच उरत नाही. नेमा ३४ चं रोटर जड, बहुतेकदा इंडक्टन्सही जास्त. २४ व्होल्टवर ती आणखी सुस्त वाटेल. आधी कपलिंगचे स्क्रू आवळा, स्क्रू-रॉडमधला भुसा काढा, अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करून पाहा. फुकटचा उपाय आहे! नाहीच जमलं तर ३६ व्होल्टचा पुरवठा आणि तो पेलणारा ड्रायव्हर घ्या. करंट मात्र मोटरच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच ठेवा.

कंट्रोलर शेवटी. जुना संगणक चालतोय तोवर चालू द्या. तो गेला, की इथरनेटवाला मोशन कंट्रोलर घ्या. मोटर, ड्रायव्हर तेच राहतील.

ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, तो तत्काळ जळू शकतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटं द्या.