सोलर गच्चीवर, खर्च बटणावर

"आमच्याकडे सोलर आहे, तरी हिवाळ्यात बिल चढतंच," ही तक्रार आपल्या शहरात सिडको-हडकोपासून सातारा-देवळाईपर्यंत सगळीकडे ऐकू येते. दोष बहुधा सोलरचा नसतो. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या टाकीच्या पोटात बॅकअपची कॉइल असते आणि तिचं बटण खाली बाथरूमबाहेर. एखाद्या ढगाळ दिवशी ते कुणीतरी चालू करतं. बंद करणं मात्र घरात कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं.

आधी हिशेब बघू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. गीझर कुठल्याही कंपनीचा असो, यात फरक पडत नाही. थंडीत सकाळी टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि अंघोळीला ४० अंशांचं हवं असेल, तर १८ लिटरच्या बादलीला सुमारे ०.४२ युनिट जातात. महावितरणच्या घरगुती दरांत १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट साधारण १३ रुपयांना पडतं. म्हणजे बादली साडेपाच रुपयांची. चौघांचं घर, रोज चार बादल्या: महिन्याला ५० युनिट, ६५० रुपये. ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत राहतं, त्यांना हीच बादली तीन रुपयांना पडते आणि ३०० च्या वर गेलेल्यांना सातच्या आसपास. तीनशे ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असा एक गैरसमज आहे. तसं होत नाही, वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. दर बदलत राहतात, तेव्हा हाताशी आपलं बिल घेऊनच आकडे घाला.

आता हीच कॉइल १०० लिटरच्या सोलर टाकीत चालू राहिली तर? २० वरून ६० अंशांवर जायला ४.६५ युनिट, म्हणजे एका रात्रीत ६० रुपये. टाकी २०० लिटरची असेल तर १२०. चौघांना लागतं त्याच्या कितीतरी जास्त पाणी आपण तापवलेलं असतं. खरं नुकसान त्यापुढे होतं. सकाळच्या अंघोळी आटोपल्या की टाकीत गार पाणी शिरतं, थर्मोस्टॅट कॉइलला पुन्हा चालू करतो आणि ऊन सोलरच्या नळ्यांवर येईपर्यंत पाणी तापून तयार असतं. मग दिवसभर सूर्याला कामच उरत नाही. सोलर असूनही गीझरएवढं बिल येतं ते असं.

म्हणून नियम एकच: कॉइल अंघोळीच्या आधी चालवायची आणि पहिली बादली भरायला घेताना बंद करायची. दोन किलोवॅटची कॉइल १०० लिटर पाणी तासाला १७ अंशांनी चढवते. रात्रीचं उरलेलं पाणी ३५ अंशांवर असेल, तर ४५ ला न्यायला ३५ मिनिटं पुरतात. आधी नळ सोडून हात लावून बघा. नोव्हेंबरातल्या निरभ्र दिवसानंतर आपल्याकडे कॉइलची गरजच पडत नाही. खरी गरज जुलै-ऑगस्टच्या झडीत.

हे रोज लक्षात ठेवणं कुणाला जमत नाही, म्हणून टायमर. काटे-चकतीचा टायमर सॉकेट सहाशे ते हजार रुपयांत मिळतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळ तेवढंच मागे पडतं. दोन वेळा तासभर लाइट गेली, की पाच वाजता चालू होणारी कॉइल सातला चालू होते. त्यापेक्षा बॅटरीवर वेळ जपणारा डिजिटल टायमर बोर्डात बसवून घ्या. मजुरीसह दीड ते अडीच हजार. मोबाइलवर चालणारा वायफाय स्विचही हजार-दीड हजारात येतो. काहीही घ्या, १६ अँपिअर किंवा त्याहून वरचाच. दोन किलोवॅटची कॉइल नऊच्या आसपास अँपिअर खेचते, सहा अँपिअरच्या स्विचवर ती लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल, तर टायमरच्या आधी तो खर्च करा.

स्मार्ट मीटरवाल्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. त्यावरून दुपारी गीझर लावून ठेवण्याचा सल्ला फिरतो. त्यात अर्थ नाही. २५ लिटर पाण्यामागे रुपयाभर वाचतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते पाणी त्याहून जास्त पैशांची उष्णता गमावून बसतं. ही सवलत वॉशिंग मशीनला वापरा.

आपल्या शहराची म्हणून एक वेगळी जोखीम आहे. जायकवाडीचं पाणी नळाला रोज येत नाही आणि सातारा-देवळाईकडे टँकरवर भिस्त. गच्चीची साठवणीची टाकी कोरडी पडली आणि कॉइल चालू राहिली, तर कॉइल जळते. भर उन्हात रिकाम्या तापलेल्या काचेच्या नळ्यांत अचानक गार पाणी आलं, तर नळ्या तडकतात. एक नळी तीनशे ते पाचशे रुपयांची, पण एकाच वेळी चार-पाच जातात. प्लंबरला सांगून सोलरचं कनेक्शन टाकीच्या तळाशी आणि घराचं त्याच्या वीतभर वर घ्या. घरातले नळ आधी कोरडे पडतील, सोलर भरलेलं राहील. टाकी रिकामी झालीच, तर पाणी संध्याकाळी सोडा.

बोअरचं पाणी असेल तर क्षार आलेच. कॉइलवर पांढरा थर चढला की ती आतून जास्त तापते आणि लवकर जाते. थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवला तर क्षार कमी धरतात. पाणी दिवसेंदिवस साठून राहत असेल, तर मात्र आठवड्यातून एकदा ६० पर्यंत जाऊ द्या. साफसफाईला पाचशे ते आठशे, कॉइल-थर्मोस्टॅट बदलायला हजार ते दीड हजार. नवं सोलर घेताना अशा पाण्याला तांब्याच्या सपाट पॅनलपेक्षा काचेच्या नळ्यांचं बरं. १०० लिटरला साधारण १८ ते २५ हजार. कॉइल ताब्यात ठेवली तर चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात, नाही ठेवली तर होत नाहीत.

नव्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये हल्ली टॉवेल गरम करायची दांडीही दिसू लागली आहे. थंड देशांत ती घरभर फिरणाऱ्या गरम पाण्यावर चालते, आपल्याकडे शंभरेक वॅटच्या विजेवर. रोज दोन तास चालवली तर महिन्याला सहा युनिट, ८० रुपये. चालू विसरली तर ७२ युनिट, सव्वानऊशेच्या पुढे. चौघांच्या अंघोळीपेक्षा टॉवेल महाग! वर्षातले आठ-नऊ महिने गच्चीवरच्या दोरीवर तासाभरात टॉवेल वाळतो, त्या गावात ही दांडी कशाला? हवीच असेल तर टायमर असलेली घ्या.

दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला पाहुण्यांसकट सगळ्यांना एकदम गरम पाणी लागतं आणि त्या आठवड्यात शहरात इलेक्ट्रिशियन मिळत नाही. कॉइल, अर्थिंग आणि टायमरचं काम कोजागरीच्या आत उरकून घ्या.