धर्मशिक्षणाचे वर्ग आणि मुलांची सुरक्षितता



वर्ग सुरू होण्यापूर्वी आपण पुस्तके मोजतो, पंखे दुरुस्त करतो. मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही त्याच वेळी तपासले पाहिजेत.

एक मूल आणि एक मोठा माणूस बंद खोलीत एकटे नसावेत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. खरी ढिलाई वर्ग सुटल्यावर होते. मूल कोणाबरोबर घरी गेले, याची नोंद आपण ठेवतो का? गावात सगळेच ओळखीचे, मग विचारायचे कशाला, असे आपल्याला वाटते. पण मुलांवर अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो. म्हणून नवीन शिक्षकाची चौकशी करणे हा त्याचा अपमान समजू नये.

मुलाने काही सांगितले तर? 'आधी फादरांना सांगू, मग बघू' एवढ्यावर थांबून चालणार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास किंवा तशी भीती वाटल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेले आणि 2023 मध्ये कायम केलेले नियमही देशाच्या कायद्याला बगल देत नाहीत.

मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. 1098 ही चाइल्डलाइन विनामूल्य आहे. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर लिहावा.