हिरण्यकेशीची पायवाट

मुलांनो, तुम्ही नदी पाहिली असेल. नदीवरचा पूलही पाहिला असेल. पण नदीचा जन्म पाहिला आहे का? चला, आज आपण ते ठिकाण पाहायला जाऊ. तिथली पायवाट छोटी आणि सोपी आहे. अम्मी, अब्बा, दादी आणि लहान भाऊ, सगळे मिळून त्या वाटेने चालू शकतात.

आपली सहल सिंधुदुर्गनगरीहून निघते. या गावाला लोक ओरोस असेही म्हणतात. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा तयार झाला. आज जिल्ह्याचा कारभार सिंधुदुर्गनगरीतून चालतो. इथून एस.टी.ने कुडाळमार्गे सावंतवाडीला जायचे. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्हांला माहीत असतीलच. पुढे आंबोलीचा घाट लागतो. गाडी वळणे घेत वर चढते. हवा गार होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे.

आंबोलीत पाऊस फार पडतो. समुद्रावरून येणारे वारे बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीला अडून ते वर चढतात. वर थंडी असते, म्हणून बाष्पाचे पाणी होते आणि धो धो पाऊस कोसळतो. त्या दिवसांत ओढ्यांना अचानक लोंढा येतो, वाटा निसरड्या होतात, पायांना जळवा लागतात. म्हणून घरच्या मंडळींनी पावसाळा संपल्यावर जावे. दिवाळीच्या सुट्टीत रान हिरवेगार असते आणि झरेही वाहत असतात.

आंबोली गावापासून थोड्या अंतरावर वाहन थांबते. तिथून ओढ्याच्या काठाने चालायचे. घाई करू नका. दादीचा हात धरा. दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे आहेत. वाळलेली पाने पायांखाली चुरचुरतात. आता जरा गप्प उभे राहा. फांद्या हलल्या, तर वर पाहा. कदाचित शेकरू दिसेल. शेकरू ही मोठी खार आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून तिला मान आहे. पावसाळ्यात या रानात एक हिरवा बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करतो. त्यात त्याची अंडी असतात. पिल्ले बाहेर आली, की टपकन खालच्या पाण्यात पडतात!

वाट संपते तिथे महादेवाचे मंदिर आहे. त्याच्याजवळच्या गुहेतून स्वच्छ, थंड पाणी बाहेर येते. हाच हिरण्यकेशी नदीचा उगम. उर्दूत अशा झऱ्याला आपण ‘चश्मा’ म्हणतो. मराठीत मात्र ‘चष्मा’ म्हटले, की दादी नाकावर लावते तोच! हे श्रद्धेचे ठिकाण आहे. इथे मोठ्याने ओरडू नये. लोक जसे अदबीने वागतात, तसेच आपणही वागावे.

पाऊस थांबला, तरी हे पाणी कुठून येते? रानात पडलेला पाऊस पालापाचोळ्यात मुरतो. झाडांची मुळे माती धरून ठेवतात. पाणी हळूहळू खडकांच्या भेगांत उतरते आणि झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. रान म्हणजे जणू पाण्याची तिजोरीच. रान तुटले, तर पावसाचे पाणी मातीसह वाहून जाईल आणि झरा आटेल.

आता एक गंमत ऐका. आंबोलीहून अरबी समुद्र जवळ आहे. पण हिरण्यकेशी तिकडे जात नाही. ती पाठ फिरवून पूर्वेकडे निघते. आजरा, गडहिंग्लज या भागांतून ती कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते. कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत कितीतरी शेते आणि गावे या पाण्यावर जगतात.

उगमाजवळच्या कुंडात वाकून पाहा. तळाच्या दगडांजवळ बोटाएवढे रंगीत मासे दिसले, तर नीट पाहून घ्या. २०२० साली शास्त्रज्ञांनी इथल्या एका माशाची नवी जात जगाला सांगितली. नदीच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. मासेमारीमुळे ही जात नष्ट होऊ नये, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या जागेला जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. ही जागा दोन हेक्टरांहून थोडीशीच मोठी आहे.

तुमचा लहान भाऊ कदाचित म्हणेल, “एक मासा बाटलीत घालून घरी नेऊ या का?” त्याला रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, “येणाऱ्या प्रत्येक मुलाने एकेक मासा नेला, तर इथे काय उरेल?” तो स्वतःच उत्तर देईल. या माशाला वाहते, स्वच्छ पाणी लागते. बाटलीत तो जगणार नाही. पाण्यात साबण लावू नका, बिस्किटे टाकू नका. खाऊचे कागद पिशवीत घालून परत आणा.

नदीचा उगम तळहातावर मावेल एवढा लहान असतो. म्हणूनच त्याला जपणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

शब्दार्थ
उगम – नदी निघते ती जागा
बाष्प – वाफ
लोंढा – पाण्याचा जोराचा प्रवाह
पालापाचोळा – वाळून गळलेली पाने
निसरडे – पाय घसरेल असे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंधुदुर्ग जिल्हा केव्हा तयार झाला?
(आ) महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?
(इ) हिरण्यकेशी कोणत्या नदीला मिळते?
२. कारणे लिहा.
(अ) आंबोलीत पाऊस फार पडतो.
(आ) रानाला पाण्याची तिजोरी म्हटले आहे.
३. तुमच्या गावाजवळचा झरा, ओढा किंवा विहीर पाहा. तिचे पाणी कोण वापरते, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारून पाच वाक्ये लिहा.