वृद्धांचा प्रवास आणि आरोग्य

आपल्याकडील वृद्धांचे पर्यटन म्हणजे बहुधा तीर्थयात्राच होय. पंढरपूर, तुळजापूर, नाहीतर अष्टविनायक! मानखुर्दकरांच्या तर ही वाट दारावरूनच जाते. सायन-पनवेल महामार्गाने वाशीचा खाडीपूल ओलांडला की मुंबई मागे पडते. २०२२ सालापासून एस.टी.ने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवासाची सोय केली. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे पडते. तिकिटाचा प्रश्न असा बराचसा सुटला. परंतु प्रवास शरीराला कितपत मानवतो, हा प्रश्न उरतोच. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम लाभ पाहू. एका खोलीच्या घरात मुले कामावर आणि नातवंडे शाळेत गेली, की म्हाताऱ्या माणसाचा दिवस सरता सरत नाही. यात्रा ठरली की तेच माणूस आठ दिवस आधीपासून पिशवी भरू लागते. चालणे वाढते, समवयस्कांची संगत मिळते, भूक लागते, झोप येते. मनाची ही उभारी औषधाइतकीच मोलाची असते.

आता दुसरी बाजू. माझी आजी शेजारच्या मंडळींबरोबर भाड्याच्या गाडीने अष्टविनायकाला गेली होती. पुणे, रायगड व अहिल्यानगर अशा ३ जिल्ह्यांत विखुरलेले आठ गणपती दोन दिवसांत उरकायचे होते. लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्याही ती चढली. घरी आली ती सुजलेले पाय, चक्कर आणि लघवीची जळजळ घेऊन. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले, की तिने दोन्ही दिवस जेमतेम घोटभर पाणी प्यायले होते. लघवी जास्त होते म्हणून रक्तदाबाची गोळीही घेतली नव्हती. “वाटेत बायामाणसांनी जायचं कुठं?” हे तिचे उत्तर ऐकून आम्ही सारेच गप्प झालो.

आजीला पायऱ्यांनी जेवढे दमवले नाही, तेवढे कोरड्या घशाने आणि गाडीतल्या बैठकीने दमवले. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात पाणी टाळले की चक्कर येणे, मूत्रमार्गाला संसर्ग होणे हे ओघानेच आले. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत व रक्त पायांत साचते. चार तासांहून अधिक काळ असे बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. विमान, आगगाडी, बस या तिन्हींना हे लागू आहे. मूळ धोका थोडा असला, तरी वाढत्या वयाबरोबर तो वाढतो.

मग वृद्धांनी घरीच बसावे काय? मुळीच नाही. आपली वारीच पाहा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर अंतर कितीतरी वृद्ध वारकरी पायी तोडतात. पण ते एका दमात नव्हे! वाटेत विसावे आहेत, पुण्याला आणि सासवडला मुक्काम आहे, ओझे दिंडीच्या ट्रकमध्ये आहे आणि सोबतीला माणसे आहेत. तिथेही कष्ट आहेत, आजारपणे आहेत; तरी चालीला एक लय आहे. गाडीच्या यात्रेने वेग घेतला आणि नेमका विसावा टाकून दिला.

तेव्हा नियम साधेच आहेत. दर दोन तासांनी गाडी थांबवून चार पावले चालावे. पाणी थोडे थोडे, पण पीत राहावे. औषधे सामानात न ठेवता हाताशी ठेवावीत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. मधुमेह्याने जेवणाची वेळ चुकवू नये. यात्रा ठरविणाऱ्यांनी देवळांच्या यादीबरोबर स्वच्छ शौचालयांचीही यादी करावी.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. वस्तीतील यात्रेकरूंना नाव, आजार, औषधे व घरचा फोन एवढे लिहिलेली एक चिठ्ठी करून दिली, तरी परगावच्या डॉक्टरांचे काम सोपे होईल. आजी यंदा पुन्हा निघणार आहे. या खेपेस मात्र तीन दिवसांत चारच गणपती. उरलेले चार पुढच्या वर्षी, असे तिनेच ठरविले आहे!